श्रीगोंद्याचं कागदी लिंबू

अंगानं हे लहानच. चाळीस-पन्नास ग्रॅम वजन, लेकराच्या मुठीत मावेल एवढा आकार, आणि साल इतकी पातळ की नख लागलं तरी वास सुटावा. श्रीगोंदा तालुक्यात याला कुणी मोठं फळ समजत नाही. डाळिंबाचा रुबाब याला नाही, द्राक्षाचे होतात तसे लाड कुणी याचे करत नाही, आणि उसाच्या नावानं कारखाने उभे राहिले तसं याच्या नावानं काही उभं राहिलेलं नाही. पण मांडवगणपासून पेडगावपर्यंत आणि कोळगावपासून काष्टीपर्यंत कुठल्याही वस्तीवर जा, घरामागं नाहीतर विहिरीच्या कडेला एखादी लिंबोणी दिसतेच, आणि पुष्कळ ठिकाणी तर एकरानं बाग असते. श्रीगोंद्याच्या बाजारात त्याचे लिलाव होतात, गोण्या भरून ते पुण्या-मुंबईला आणि त्याहून लांब जातं. एप्रिल-मे महिन्यात सरबतवाला, रसवंतीवाला आणि खानावळवाला असे सगळे त्याची वाट बघत असतात.

त्याचा स्वभाव तहानेतून घडला आहे. हा तालुका पर्जन्यछायेतला. घोड आणि कुकडीच्या कालव्यांचं पाणी जिथं पोचलं तिथं ऊस झाला, जिथं पाणी बेताचं राहिलं तिथं लिंबोणी तग धरून राहिली. आणि ही लिंबोणी अशी की तिला बारा महिने भरपूर पाणी दिलं तर ती नुसती पालवत राहते. फुलायला तिला आधी ताण बसावा लागतो. म्हणून बागायतदार मुद्दाम पाणी तोडतो. पानं मलूल होतात, काही गळतात, नव्या माणसाला वाटावं की झाड गेलं. मग खतमाती करून पाणी सोडलं की थोड्याच दिवसांत सगळं झाड पांढऱ्या फुलांनी भरून जातं. मृग, हस्त आणि आंबे असे त्याचे तीन बहार. फूल धरल्यापासून फळ हाती यायला पाच-सहा महिने लागतात, म्हणजे हस्त बहाराची फळं बरोबर उन्हाळ्यात येतात, जेव्हा भाव असतो. पण हस्त बहाराच्या ताणाच्या वेळीच पाऊस येतो आणि ताण मोडतो. पावसाळ्यात फळ भरपूर आणि भाव पडलेला, उन्हाळ्यात भाव चढलेला आणि फळ मोजकं, ही त्याची जन्माची कुंडली. त्यात खैऱ्या आला की सालीवर खडबडीत डाग पडतात, डिंक्या आला की खोडातून डिंक वाहतो. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठानं साई सरबती आणि फुले सरबती ही वाणं काढून शेतकऱ्याला आधार दिला, पण काटे मात्र तसेच राहिले. लिंबाची तोडणी करणाऱ्या बायांचे हात बघितले की हे फळ किती सहज मिळतं हा गैरसमज जातो.

घराणं जुनं आहे. वनस्पतीशास्त्रज्ञांनी जनुकं तपासून त्याचे आईबाप शोधले, तेव्हा बाप निघाला महाळुंग, म्हणजे कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे तेच, आणि आई फिलिपिन्स बेटांकडची एक रानटी जात. इतक्या लांबच्या सोयरिकीतून जन्मलेलं हे लेकरू आपल्याकडे असं रुळलं की त्याच्यावाचून आपलं काही पार पडत नाही. पोह्यांवर ते, वरणभातावर ते, मिसळीच्या ताटलीत ते. साखरपुड्याला ते, नव्या गाडीच्या चाकाखाली ते, दुकानाच्या दारात मिरच्यांबरोबर टांगलेलं ते. उन्हातून आलेल्या माणसाला पाण्यात पिळून दिलेलं ते. जुलाब झालेल्या पोराला मीठ-साखरेच्या पाण्यात थेंबभर ते. आजारी माणसाच्या तोंडाला चव आणायला लोणच्याची मुरलेली फोड, तीही त्याचीच. इतकं सगळं घरपण असूनही एका बाबतीत मात्र या घरात त्याच्यावर कायमचा ठपका आहे.

पोराचं नाक गळायला लागलं की पहिलं नाव त्याचं येतं.

‘नको गं देऊ त्याला लिंबू, नाक बघ कसं गळतंय.’ आजीनं सुनेला असं सांगावं आणि सुनेनं फोड ताटातून उचलून घ्यावी, हे मी या भागात इतक्या घरांत ऐकलं-पाहिलं आहे की त्यात कुणा एका घराची गोष्ट सांगण्यात अर्थ नाही. लिंबाबरोबर दही जातं, ताक जातं, केळं जातं, पेरू जातो. थंडीच्या दिवसांत तर संत्रंही जातं. पोराचा सर्दीचा कोठा आहे, असं एकदा ठरलं की ही यादी वर्षानुवर्षं चालते. पोरगं शाळेत जायला लागतं, तिसरी-चौथीत पोचतं, तरी त्याच्या ताटात आंबट येत नाही. सांगणाऱ्या आजीच्या मनात मायाच असते, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही. आंबट रस कफ वाढवतो, हे तिनं तिच्या आजीकडून ऐकलेलं असतं, आणि आयुर्वेदातही अम्ल रसाबद्दल तसं सांगितलेलं आहे. शिवाय तिच्या डोळ्यांसमोर पुरावा असतो: काल संध्याकाळी पोरानं लिंबू चोखलं आणि आज सकाळी उठल्याबरोबर लागोपाठ शिंका दिल्या.

हा पुरावा नीट बघायला हवा, कारण सगळी चूक इथंच दडली आहे.

ज्या पोराला वर्षातून दोन-चार वेळा पडसं होतं, अंग तापतं, आठवडाभरात बरं वाटतं, त्याची सर्दी विषाणूंची असते. ती एकाकडून दुसऱ्याकडे जाते. लिंबाचा तिच्याशी संबंध नाही. पण ज्या पोराला ताप नसताना रोज सकाळी शिंकांची माळ लागते, नाकातून पाण्यासारखं पातळ गळतं, नाक आणि डोळे खाजतात, रात्री नाक चोंदून तोंड उघडं ठेवून झोपावं लागतं, त्याचं प्रकरण वेगळं आहे. त्याची खूण तर लांबून ओळखता येते. ते पोरगं तळहातानं नाकाचा शेंडा सारखं खालून वर चोळत असतं. महिनोन्महिने असं चोळून त्याच्या नाकावर एक आडवी रेघ उमटते. डोळ्यांखाली काळसर वर्तुळं येतात. रात्रीची झोप मोडल्यामुळं वर्गात ते पेंगतं आणि गुरुजींना वाटतं अभ्यासात लक्ष नाही. मैदानात धाप लागते, मग खेळात त्याला लिंबूटिंबू करून बाजूला ठेवतात. ही नाकाची ॲलर्जी. हिच्यात पुष्कळ पोरांना पुढं दम्याचाही त्रास होतो, म्हणून हिला नुसतं पडसं म्हणून सोडून देणं बरं नाही.

ॲलर्जीत होतं असं, की शरीराची राखणदारी करणारी यंत्रणा निरुपद्रवी कणांनाच शत्रू समजते. त्या कणांविरुद्ध ती आयजीई नावाची प्रतिद्रव्यं तयार करते, ती नाकाच्या अस्तरातल्या पेशींवर जाऊन बसतात, आणि पुढच्या वेळी तोच कण आला की त्या पेशी हिस्टामिन सोडतात. शिंक, खाज, पाणी, सूज हे सगळं त्या हिस्टामिनचं काम. आता हे कण कोणते? श्रीगोंद्याच्या घरात आणि शिवारात ते हाताच्या अंतरावर आहेत. वर्षानुवर्षं न धुतलेल्या गोधडीत आणि उशीत राहणारे, डोळ्यांना न दिसणारे धुळीतले किडे. बांधावर आणि रस्त्याच्या कडेला माजलेलं गाजरगवत, ज्याची या देशातली पहिली नोंद १९५० च्या दशकात पुण्यात झाली आणि ज्याच्या परागांनी तेव्हापासून आपल्याला छळलं आहे. भीमेच्या काठानं पसरलेली वेडी बाभूळ. ओल आलेल्या भिंतीवरची बुरशी. शिवाय बाजरीच्या मळणीची धूळ, चुलीचा धूर आणि पाचट पेटवल्यावर संध्याकाळी गावावर पसरणारा धूर हे सुजलेल्या नाकाला आणखी डिवचतात. गोधडीत रात्र काढलेलं पोरगं सकाळी उठल्याबरोबर शिंकतं ते या कारणानं. आदल्या संध्याकाळचं लिंबू योगायोगानं तिथं हजर असतं, आणि ते तर रोजच कुठं ना कुठं हजर असतं.

लिंबाची बाजू घेताना त्याच्यावरचे खरे आरोप लपवणं योग्य नाही. घसा सोललेला असेल तर त्याचा आंबटपणा झोंबतो. झणझणीत किंवा आंबट खाल्ल्यावर काहींच्या नाकातून लगेच पाणी येतं, पण ते मज्जातंतूंमुळं, थोड्या वेळात थांबतं, आणि ॲलर्जीशी त्याचा संबंध नाही. क्वचित कुणाला लिंबूवर्गीय फळांचीच ॲलर्जी असते, तेव्हा ओठ-तोंड खाजतं, अंगावर गांध्या उठतात. अन्नाची ॲलर्जी असली की ती बहुतेक वेळा कातडीवर आणि पोटात दिसते. वर्षानुवर्षं फक्त नाक गळतंय आणि त्याला कारण एखादा खाण्याचा पदार्थ आहे, असं फारच थोड्या मुलांत सापडतं.

त्याच्या चरित्रातला एक गौरवाचा आणि एक अपमानाचा अध्याय इथं सांगितला पाहिजे, कारण दोन्हींतून त्याची कुवत कळते. १७४७ मध्ये ‘सॅलिसबरी’ नावाच्या ब्रिटिश युद्धनौकेवर जेम्स लिंड या शल्यवैद्यानं स्कर्व्हीनं, म्हणजे क जीवनसत्त्वाच्या अभावानं होणाऱ्या रोगानं, खंगलेले बारा खलाशी निवडले, दोघादोघांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. ज्या जोडीला रोज दोन संत्री आणि एक मोठं पिवळं लिंबू मिळालं, ती आठवडाभराच्या आत सावरली. १७९५ पासून ब्रिटिश नौदलात लिंबाचा रस रीतसर देऊ लागले. हा गौरव झाला, पण तो आपल्या कागदी लिंबाच्या जाड सालीच्या भावाचा. पुढं एकोणिसाव्या शतकात नौदलानं भूमध्य समुद्राकाठचं ते पिवळं लिंबू सोडून वेस्ट इंडिजमधलं छोटं हिरवं लिंबू घेतलं, म्हणजे आपल्याच जातीचं. रस काढून, बाटल्यांत भरून, महिनोन्महिने साठवला. १८७५ मध्ये उत्तर ध्रुवाकडे निघालेल्या ब्रिटिश मोहिमेत तो रस सोबत असूनही खलाशांना स्कर्व्ही झाला. १९१८ मध्ये लंडनच्या लिस्टर संस्थेत हॅरिएट चिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की या छोट्या लिंबाच्या रसाचा जोर मोठ्या लिंबाच्या मानानं कितीतरी कमी आहे, आणि साठवल्यानं तो आणखी घटतो.

म्हणजे आपलं कागदी लिंबू क जीवनसत्त्वाचं कोठार म्हणून मिरवावं असं नाही. त्याच्या १०० ग्रॅम रसात साधारण ३० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असतं, आणि एका लिंबातून रस निघतो तो चार-पाच चमचे. पेरू आणि आवळा त्याच्यापेक्षा कितीतरी पुढं आहेत, आणि गंमत अशी नव्हे, दुःख असं की त्यांतला पेरूही याच यादीत सर्दीचा आरोपी आहे. क जीवनसत्त्वाच्या गोळ्या आणि साध्या सर्दीवर झालेल्या चाचण्या एकत्र तपासून २०१३ मध्ये जो निष्कर्ष निघाला तोही लक्षात ठेवावा: रोज घेतल्यानं सर्वसाधारण माणसाची सर्दी टळत नाही, मुलांमध्ये तिचे दिवस मात्र साधारण १४ टक्क्यांनी कमी होतात. सर्दीच्या काळात क जीवनसत्त्व मुलाला बाधतं, असं त्यात कुठंही दिसलं नाही.

आता नाकाच्या ॲलर्जीकडे आणि लेकरांच्या ताटाकडे येऊ. इटलीत सहा-सात वर्षांच्या १८ हजारांहून अधिक मुलांची पाहणी झाली आणि २००० मध्ये ती छापली गेली. हिवाळ्यात लिंबूवर्गीय फळं आणि किवी नियमित खाणाऱ्या मुलांत छातीत शिट्टी वाजण्याचं आणि सर्दी-ताप नसताना नाक गळण्याचं प्रमाण कमी होतं. ग्रीसच्या क्रीट बेटावर खेड्यांतल्या ६९० मुलांची पाहणी २००७ मध्ये आली. तिथली बहुसंख्य मुलं दिवसातून दोनदा तरी ताजं फळ खात होती, आणि द्राक्षं, संत्री, सफरचंद, ताजे टोमॅटो रोज खाणाऱ्यांत नाकाची ॲलर्जी कमी आढळली. त्या बेटावरचं रोजचं जेवण म्हणजे भाज्या, कडधान्यं, फळं, ऑलिव्हचं तेल. तेल सोडलं तर आपल्या बाजरीच्या भाकरी, मटकीची उसळ आणि शेपू-मेथीच्या भाजीपासून ते फार लांब नाही.

सर्वांत मोठी पाहणी ‘आयसॅक’ या नावानं ओळखली जाते. जगभरच्या मुलांमधला दमा आणि ॲलर्जी मोजण्यासाठी ती उभी राहिली, आणि भारतातली केंद्रंही तिच्यात होती, पुणे भागातलीसुद्धा. तिच्या खाण्याविषयीच्या भागात तेरा-चौदा वर्षांची ३ लाख १९ हजारांहून अधिक मुलं ५१ देशांतून आणि सहा-सात वर्षांची १ लाख ८१ हजारांहून अधिक मुलं ३१ देशांतून घेतली होती. २०१३ मध्ये निष्कर्ष आला. आठवड्यातून तीन किंवा त्याहून अधिक वेळा फास्ट फूड खाणाऱ्या मुलांत तीव्र दमा, नाक-डोळ्यांची ॲलर्जी आणि इसब या तिन्हींचा धोका वाढलेला दिसला. आठवड्यातून तीन वेळा तरी फळ खाणाऱ्यांत तीव्र दम्याचा धोका मोठ्या मुलांत ११ आणि लहानांत १४ टक्क्यांनी कमी होता. या पाहण्यांतून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही. फळ खाणाऱ्या घरांत इतरही पुष्कळ गोष्टी वेगळ्या असतात. पण इतक्या देशांतून, इतक्या निरनिराळ्या जेवणाच्या पद्धतींतून ताज्या फळाकडे बोट कुणी आरोपी म्हणून दाखवत नाही, एवढं तरी त्यातून स्पष्ट होतं. पुराव्याचा कल आजीच्या यादीच्या उलट आहे.

आणि लिंबाच्या सालीबद्दल एक गोष्ट मला विशेष वाटते. स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथल्या संशोधकांनी २०१४ मध्ये उंदरांना पेक्टिन नावाचा तंतू भरपूर खाऊ घातला आणि मग त्यांच्या श्वसनमार्गात धुळीतल्या किड्यांचा अर्क सोडला. आतड्यातल्या जिवाणूंनी तो तंतू आंबवला, त्यातून तयार झालेली छोटी आम्लं रक्तातून शरीरभर फिरली, आणि त्या उंदरांच्या फुफ्फुसातली ॲलर्जीची आग कमी झाली. पेक्टिन कारखान्यात काढतात ते मुख्यतः लिंबूवर्गीय फळांच्या सालीतून आणि सफरचंदाच्या चोथ्यातून. उंदरांवरून माणसाच्या पोराविषयी घाईनं बोलू नये. पण आतड्यातले जिवाणू लहानपणीच्या जेवणावर वाढतात आणि शरीराच्या राखणदारीला वळण लावतात, हे आता संशोधनातून पुढं येत आहे. त्या जिवाणूंना कडधान्यं, भाकरी, भाजी, फळ यांतला तंतू लागतो. दह्या-ताकाबद्दलही वैद्यांनी ठरवल्याशिवाय लेकराचं दूध-दुभतं तोडू नये, असंच जाणकार सांगतात, कारण त्यातून वाढीचं नुकसान होतं.

आजीच्या यादीतून फळं, दही, ताक गेल्यावर जी जागा रिकामी होते तिथं काय येतं, हे बघून माझा जीव तुटतो. पोरगं चिडचिडं झालेलं असतं, जेवत नसतं, आणि आईला त्याच्या पोटात काहीतरी जावं असं वाटतं. वस्तीवरच्या दुकानात पाच रुपयांचा पुडा असतो. चौकात वडापाव असतो. शाळेबाहेर रंगीत गोळ्या असतात. त्यांनी सर्दी होते असं कुणी कधी सांगितलेलं नाही, म्हणून ते चालतात. आणि त्या पुड्यांवर, गोळ्यांवर, बाटल्यांवर चित्र कुणाचं असतं? याच लिंबाचं. आत मात्र बहुतेक वेळा ते नसतं. सायट्रिक आम्ल असतं.

हे आम्ल १७८४ मध्ये शेले या स्वीडिश रसायनशास्त्रज्ञानं लिंबाच्या रसातून वेगळं केलं. सव्वाशे-दीडशे वर्षं जग त्यासाठी लिंबांवर अवलंबून होतं. मग जेम्स करी यांनी दाखवलं की काळी बुरशी साखरेवर वाढवली तर ती हेच आम्ल तयार करते, आणि १९१९ पासून अमेरिकेत फायझर कंपनीनं त्याचं मोठं उत्पादन सुरू केलं. आज जगातलं बहुतेक सायट्रिक आम्ल असं साखरेपासून, मळीपासून, मक्यापासून बनतं. ते विष नाही. पण त्यात ना क जीवनसत्त्व, ना तंतू, ना सालीतलं तेल. ज्या तालुक्यात एकीकडे उसाची मळी निघते आणि दुसरीकडे लिंबाच्या गोण्या भरतात, तिथल्या लेकराला बंदी खऱ्या लिंबाची आणि मोकळीक मळीतून येणाऱ्या आंबटाची, ही गोष्ट मला सहज सोडून देता येत नाही.

लिंबाकडून औषधाचं काम मात्र मागू नये. ज्या पोराच्या नाकावर आडवी रेघ आलेली आहे त्याला डॉक्टरांकडे न्यावं, बालरोगतज्ज्ञाकडे नाहीतर नाक-कान-घशाच्या तज्ज्ञाकडे. दर वेळी अँटिबायोटिक मागू नये. नाकात मारायचे स्टेरॉइडचे फवारे, हिस्टामिनविरोधी औषधं, मिठाच्या पाण्यानं नाक धुणं हे उपाय आहेत, आणि ते डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे नेमानं केले तर पोराला झोप मिळते. गोधडी, चादरी, उशीचे अभ्रे कडक गरम पाण्यात धुवून उन्हात वाळवावेत. झाडताना पोराला बाहेर पाठवावं आणि ओल्या फडक्यानं पुसावं. अंगणातलं गाजरगवत फुलायच्या आत हातमोजे घालून मुळासकट उपटावं. चुलीचा धूर घराबाहेर जाईल अशी सोय करावी, आणि घरात विडी-सिगारेट ओढू नये. एखाद्या पदार्थाबद्दल खरोखर संशय असेल तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं ठरावीक काळ तो थांबवून, परत सुरू करून बघावं. जन्मभराची बंदी हा शोध घेण्याचा मार्ग नव्हे.

श्रीगोंद्यात मी एक गोष्ट पुन्हापुन्हा सुचवत आलो आहे, इथंही लिहून ठेवतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या ६८.९ टक्के मुलांच्या अंगात रक्त कमी निघालं. ही मुलं आता शाळेत बसतात. दुपारी शाळेत त्यांना खिचडी मिळते, त्यात डाळ असते, कधी मटकी असते, कधी भाजी. धान्य-डाळींतलं लोह शरीरात सहज शोषलं जात नाही, आणि आंबट त्याला मदत करतं. जुलै-ऑगस्टमध्ये, शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात तेव्हा, याच तालुक्यात लिंबाचा भाव इतका पडतो की तोडणीची मजुरीही काही वेळा सुटत नाही. किलोत वीस-पंचवीस लिंबं बसतात, दोघा मुलांत एक धरलं तरी पन्नास पोरांच्या शाळेला दिवसाला किलोभर पुरे. ते शिजताना टाकायचं नाही, उष्णतेनं क जीवनसत्त्व जातं. खिचडी ताटात वाढली की वरून पिळायचं. गावातल्या एका-दोन बागायतदारांनी पावसाळ्याचे तीन महिने आठवड्याला पाच-सहा किलो लिंबं शाळेत पोचवायची, शाळा व्यवस्थापन समितीनं वहीत नोंद ठेवायची, आणि पहिल्या दिवशी आज्यांना बोलवायचं. त्यांच्यासमोर डॉक्टरांनी दोन शब्द सांगितले, की नाक गळणाऱ्या पोराच्या ताटातही फोड ठेवायला हरकत नाही, फक्त त्याची गोधडी उन्हात टाका, तर त्या ऐकतील. आज्यांना पोराचं बरं व्हावं असंच वाटत असतं.